गाव टॅब घेतंय, बाई नको म्हणतायत. मी कुणाच्या बाजूने बोलू?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा मथितार्थ देत आहे.

त्यांचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. शाळा दोन शिक्षकी, पट 48. गेल्या यात्रेत मुंबईकर मंडळाने शाळेसाठी वर्गणी जाहीर केली आणि ती आता साडेचार लाखांवर गेली आहे. मंडळाचा बेत असा, की एक मोठा डिजिटल बोर्ड घ्यायचा आणि तिसरी-चौथीच्या 26 मुलांना प्रत्येकी एक टॅब द्यायचा. शेजारच्या मोठ्या गावात इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली आहे, तिची गाडी रोज वेशीपर्यंत येते, तिथे ‘स्मार्ट क्लासरूम’ आहे आणि इथला पट घसरतोय, म्हणून ही घाई. शाळेतल्या बाईंनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ‘बोर्ड चालेल, टॅब नकोत’ असं सरळ सांगितलं. तेव्हापासून बाई जुन्या वळणाच्या आहेत, अशी चर्चा पारावर सुरू आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई त्या समितीच्या सदस्य आहेत, आणि मंडळाचे सेक्रेटरी त्यांचे सख्खे दीर.

त्यांची धास्ती घरातूनच आलेली आहे. दिरांनी ताईंच्या याच मुलाला वर्षापूर्वी टॅब घेऊन दिला. त्यातल्या अभ्यासाच्या ॲपवर तो दहापैकी दहा मिळवतो. पण बालभारतीचा धडा मोठ्याने वाचायला सांगितला की अडखळतो, जोडाक्षर आलं की थांबतो आणि चित्र बघून पुढचं वाक्य ठोकून देतो. ताई लिहितात, ‘टॅबमुळेच त्याचं वाचन बिघडलं असं मला वाटतं. पण मी बारावी झालेली. विरोध केला तर म्हणतील, हिला काय कळतंय, गावाच्या प्रगतीच्या आड येते. गप्प बसले तर 26 घरांत हेच होईल. मी कुणाच्या बाजूने बोलू? आणि घरातल्या टॅबचं काय करू, काढून घेऊ का?’

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात: मुलाचं वाचन, गावाचे पैसे आणि दिरांसमोर बोलायचं कसं. मंडळाच्या घाईमुळे तुम्हाला तिसरी सगळ्यात अवघड वाटतेय. मी पहिलीपासून सुरू करते, कारण ती नीट उलगडली की बाकीच्या दोन्हींना हात घालणं सोपं जाईल.

ॲपवर दहापैकी दहा आणि पुस्तकात अडखळणं, ही दोन्ही खरी असू शकतात. तो ॲपवर नेमकं काय करतो, ते एकदा शेजारी बसून बघा. पुष्कळ ॲपमध्ये प्रश्न आधी वाचून दाखवतात. ‘सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?’ असा गोड आवाज येतो, खाली चार पर्याय येतात, त्यातला एक दाबायचा. चुकला तर तांबडा होतो, मग दुसरा दाबायचा. या सगळ्यात त्याला स्वतःहून एक ओळ वाचावी लागली का? बहुधा नाही. शब्द वाचावा लागला तरी चारांतला एक ओळखायचा असतो, आणि ओळखायला त्या शब्दाच्या आकाराची पुसट आठवणही पुरते. कोऱ्या पानावर ‘सूर्य’ लिहायचा म्हटलं की स ला ऱ्हस्व उकार की दीर्घ, र नेमका कुठे जातो, य च्या आधी की डोक्यावर, हे सगळं आपल्या हाताला ठाऊक असावं लागतं. तिसरीच्या वह्यांत ‘सुरय’ दिसतो तो इथूनच येतो. आपल्या लिपीत एकटा र बघा किती सोंगं घेतो: सूर्य, प्रकाश, राष्ट्र, तऱ्हा. पर्यायावर बोट टेकवून ही सोंगं अंगवळणी पडत नाहीत.

अमेरिकेत 2012 साली, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांनी काही अक्षरं हाताने काढली, काही कीबोर्डवर दाबली, काही ठिपक्यांवरून गिरवली. नंतर तीच अक्षरं दाखवताना मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग उजळला तो मुख्यतः स्वतःच्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी. गिरवण्याचाही तेवढा उपयोग दिसला नाही. त्यामुळे ‘आमच्या ॲपमध्ये बोटाने अक्षर गिरवायची सोय आहे’ असं विक्रेता सांगेल, तेव्हा मान डोलवायची घाई करू नका. (ठिपक्यांच्या गिरवायच्या वह्या विकत घेणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं.)

आता तुमच्या समजाबद्दल. ‘टॅबमुळेच बिघडलं’ हे मला इतक्या लवकर पटत नाही. ‘असर’ नावाची पाहणी देशभरातल्या खेड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावते. तिच्या 2024 च्या अहवालानुसार सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुलं 23.4 टक्के होती. 2022 मध्ये, कोविडनंतर, हा आकडा 16.3 पर्यंत उतरला होता. पण त्याच्याही आधी, 2018 मध्ये, तो 20.9 च होता. म्हणजे तिसरीत अडखळणारी मुलं टॅब यायच्या आधीपासून बहुसंख्य आहेत. तुमच्या मुलाच्या वाचनाला टॅबने धक्का लावला असेल किंवा नसेल. मला त्याहून आधी विचारावंसं वाटतं: गेल्या आठवड्यात त्याने एखाद्या मोठ्या माणसाला मोठ्याने किती वेळा वाचून दाखवलं? चार वर्ग, दोन शिक्षक, त्यात पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन भरायची माहिती, केंद्राच्या बैठका. 48 मुलांचं एकेकाचं वाचन ऐकायला त्या शाळेत माणूस कुठून येणार? आणि घरी तुम्ही स्वयंपाकात, वडील मुंबईला. ॲपने ही रिकामी जागा भरली, आणि भरलीय असं सगळ्यांना वाटलं, एवढं मात्र ॲपच्या खात्यावर टाकता येईल.

त्याचं वाचन कुठे आहे हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. त्याला पाठ नसलेलं काहीतरी घ्या, कारण वर्गातला धडा निम्मा कानानेच पाठ झालेला असतो. शेजारच्या दुसरीतल्या मुलीचं पुस्तक किंवा वर्तमानपत्राची मुलांची पुरवणी चालेल. चित्र झाका. आधी सात-आठ ओळींची गोष्ट द्या. सलग वाचली तर दोन प्रश्न विचारा, समजली का ते बघा. नाही जमलं तर चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्या, तोही नाही जमला तर सुटे शब्द, मग अक्षरं. जिथे तो बिनघोर वाचतो, तिथून पुढे न्यायचं. ‘असर’वाले साधारण हेच करतात. घड्याळ लावू नका, वाचताना टोकू नका आणि दिरांच्या मुलांसमोर तर अजिबात करू नका.

आता गावाच्या पैशांकडे येऊ.

मंडळाला वाटतं की टॅब दिला म्हणजे शिक्षण वाढतं. तुम्हाला वाटतं की टॅब दिला म्हणजे शिक्षण बिघडतं. दोघंही टॅबकडे बघताय. मी मात्र तो टॅब कुणाच्या वेळात येतोय, याकडे बघते. याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. गुजरातेत ज्ञानशाला नावाची संस्था गरीब घरांतल्या मुलांसाठी शाळा चालवते. तिथल्या दुसरी-तिसरीच्या मुलांवर ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास 2008 मध्ये आला. गणिताचं सॉफ्टवेअर एकच, वापरायच्या तऱ्हा दोन. काही ठिकाणी शिकवण्याच्या वेळातला वेळ काढून मुलांना संगणकापुढे बसवलं. काही ठिकाणी तेच शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून दिलं. शिकवण्याच्या वेळात संगणक मिळालेली मुलं, संगणक अजिबात न मिळालेल्या मुलांपेक्षाही चांगलीच मागे पडली. जादा वेळ मिळालेली पुढे गेली, आणि त्यातही कच्च्या मुलांना अधिक फायदा झाला. यंत्र तेच, धडे तेच, मुलांचं वय तुमच्या मुलाएवढंच.

बडोद्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. 2000 साली तिथल्या 100 पालिका शाळांना सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा फार थोड्या शाळांत ते वापरात होते. मग ‘प्रथम’ने चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, गणिताचे खेळ असा कार्यक्रम सुरू केला आणि त्यासाठी त्याच भागातली माणसं शिकवून उभी केली. गणितात मुलांची प्रगती झाली, बऱ्यापैकी झाली. भाषेत मात्र फरक पडला नाही. आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात गणितातला फायदाही बराच ओसरला. याच अभ्यासात दुसरा प्रयोग होता, बालसखीचा. मुंबई आणि बडोद्यात, शिकलेली स्थानिक तरुण मुलगी, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं आणि रोजचे दोन तास. त्या मुलीला महिन्याला 500 ते 750 रुपये मिळत. तिच्यामुळेही मुलं पुढे गेली आणि खर्च संगणकाच्या मानाने कितीतरी कमी. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते; 2019 चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळालेले हेच ते. नोबेलचं नाव मंडळाच्या बैठकीत जरूर घ्या, मुंबईकरांवर त्याचं वजन पडतं.

‘प्रत्येकाला एक’ हा तुमच्या मंडळाचा आग्रहही जगाने करून पाहिला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने 2008 पासून खेड्यापाड्यांतल्या शाळांना मुलामागे एक लॅपटॉप दिला. 319 शाळांचा अभ्यास 2012 मध्ये आला: मुलामागे 0.12 संगणक होते ते 1.18 झाले, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. शिकवणं होतं तसंच राहिलं होतं. हाच हिरवा-पांढरा लॅपटॉप 2007 मध्ये आपल्याकडे कर्जतजवळच्या खैरात गावच्या एकशिक्षकी शाळेतही आला होता.

दुसरी बाजूही सांगते. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांवर केलेला, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तिथे सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता न बघता त्याला प्रत्यक्षात काय येतं ते शोधून तिथून सुरू करायचं, आणि साडेचार महिन्यांत मुलांनी गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली मजल मारली. पण ती मुलं मोठी होती, मुख्यतः सहावी ते नववीची. आणि 90 मिनिटांतली निम्मी मिनिटं तिथेही एक माणूस त्यांना गटात शिकवत होता. स्वीडनचा दाखला हल्ली फार फिरतो, की त्यांनी पडदे सोडून पुस्तकं धरली. त्यांनी 2023 पासून छापील पुस्तकांवर पुन्हा पैसा घातला हे खरं. त्यांच्या चौथीच्या मुलांचे आंतरराष्ट्रीय चाचणीतले वाचनाचे गुण 2016 ला 555 होते, ते 2021 ला 544 झाले, हेही खरं. पण मधे कोविड होता. तो सगळा उतार पडद्यांच्या माथी मारणं मला योग्य वाटत नाही, आणि तुम्हीही बैठकीत तसं म्हणू नका, कुणीतरी लगेच पकडेल.

हे सगळं डोक्यात ठेवून बाईंचं वाक्य पुन्हा वाचा: ‘बोर्ड चालेल, टॅब नकोत.’ हे जुन्या वळणाचं वाक्य मला तरी वाटत नाही. बोर्डापुढे वर्ग एकत्र असतो, कोण बघतंय, कोण खिडकीबाहेर बघतंय ते दिसतं. 26 टॅबांत 26 मुलं आपापल्या काचेत बुडालेली असतात. त्याच वेळी बाई दुसऱ्या खोलीत पहिली-दुसरीला बाराखडी घेत असणार. शिवाय टॅब चार्ज कोण करणार, काच फुटली तर भरपाई कुणी द्यायची, सुट्टीत घरी न्यायचा का, घरी मोठा भाऊ त्यावर गेम टाकेल त्याचं काय, या सगळ्याचं उत्तरदायित्व शेवटी बाईंच्याच गळ्यात येणार. त्यांनी हे बैठकीत बोलून दाखवलं नसेल. एकदा शाळा सुटल्यावर जाऊन निवांत विचारा. नकारामागे कदाचित आपल्याला हे चालवता येईल का, अशी भीतीही असेल. तसं असेल तर खरेदीआधी त्यांच्या प्रशिक्षणाचं बघायला हवं. शिक्षकाने स्वतःच्या गरजेतून घेतलेलं तंत्रज्ञान कसं रुजतं, हे परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी दाखवलंय. सोलापूर जिल्ह्यातली ती जिल्हा परिषदेचीच शाळा. पुस्तकातल्या पाठाला क्यूआर कोड जोडायची त्यांची कल्पना होती, त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, आणि आज बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड छापलेले असतात. तुमच्या मुलाच्या दप्तरातही ते आहेत, फुकट. मंडळातल्या किती जणांनी एखादा उघडून बघितलाय, ते सहज विचारा.

बोर्डाबद्दलही एक खबरदारी. मी बघितलेल्या पुष्कळ डिजिटल वर्गांत हेच दिसतं: कवितेचा व्हिडिओ लागतो, मुलं ताला-सुरात, हातवारे करत म्हणतात, पाहुणे खूश होतात. ओळी पडद्यावर तळाशी सरकत असतात, पण त्यांच्याकडे कुणी बघत नाही, डोळे नाचणाऱ्या हत्तीवर. अशा वेळी आवाज बंद करायचा, व्हिडिओ एका ओळीवर थांबवायचा आणि मागच्या बाकावरच्या मुलीला ती ओळ वाचायला सांगायची. वर्ग काय शिकलाय ते लगेच कळतं. तीच ओळ वाचून मग आवाज लावला की बोर्डाचा पैसा वसूल. गाण्याच्या ओळी त्याच भाषेत पडद्यावर दाखवल्या तर वाचनाचा सराव होतो, या कल्पनेवर अहमदाबादच्या आयआयएममधून वर्षानुवर्षं काम झालंय. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत मिळतात. एक गोष्ट बोर्डावर लावून पंधरा मुलांनी मिळून वाचणं, हा बोर्डाचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपयोग. इंग्रजीचा उच्चार ऐकवणं हा दुसरा. समुद्र, बर्फ, मधमाशीचं पोळं आतून कसं असतं, हेही त्यात येईल, पण पाच-सात मिनिटांपुरतं.

तर माझं मत विचाराल तर साडेचार लाख असे लावा. एक बोर्ड घ्या, किंवा त्याहून स्वस्त पडणारा मोठा स्मार्ट टीव्ही. पहिली ते चौथीच्या शाळेला तोही पुरतो. मुलामागे टॅब घेऊ नका. घ्यायचेच असतील तर सहा-आठ घ्या, शाळेच्या कपाटात राहतील असे, दोघांत एक, आणि मुख्य तासांच्या बाहेर. मग गावातली बारावी किंवा पदवी झालेली एखादी सून वा मुलगी बघा, जी रोज दोन तास मागे पडलेल्या मुलांचं वाचन ऐकेल. महिना चार हजार मानधन धरलं तर दहा महिन्यांचे 40 हजार होतात. दोन वर्षांचे 80 हजार बाजूला ठेवा. यासाठी मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांशी आधी बोलून घ्या, म्हणजे नंतर कुणी आडकाठी आणणार नाही. गोष्टीच्या पुस्तकांनी एक उघडं कपाट भरा, कुलूप नसलेलं. उरलेल्यातून वीजबिल आणि दुरुस्तीची रक्कम बँकेत ठेवा. 48 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त अनुदान वर्षाला 25 हजार मिळतं, त्यातच खडू, रंगरंगोटी, स्वच्छता सगळं. वीज तोडल्यावर बंद पडलेले डिजिटल वर्ग आपल्याकडे थोडे नाहीत.

विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी वेगळ्या: धडे इंटरनेटशिवाय चालतात का, आपल्या पाठ्यपुस्तकाला धरून आहेत का, दुरुस्तीला माणूस साताऱ्याहून येतो की पुण्याहून, आणि ॲप मुलांची नावं-नंबर मागतं का. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. नंबर दिला की महिन्याभरात ‘पुढचा कोर्स घ्या’चे फोन सुरू होतात, हा अनुभव शहरातल्या आयांना विचारा. आणि बोर्ड घ्यायच्या आधी एखादा टीव्ही उसना आणून दिवाळीपर्यंत चालवून बघा. सुरुवातीला आणि दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्या मुलांचं वाचन बाईंनी ऐकायचं, समितीतल्या दोघींनी सोबत बसायचं. कागदावर चारच रकाने: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट.

‘मला काय कळतंय’ हे मात्र मनातून काढून टाका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात असं ठरवलं, आणि शाळेचा विकास आराखडा करायचं काम समितीला दिलं. वर्गणी मंडळाची असली तरी शाळेत काय यावं यावर बोलायचा अधिकार तुमचा आहे. शिवाय तुमच्याकडे आहे ते त्या बैठकीत दुसऱ्या कुणाकडेच नाही: वर्षभर टॅब वापरणारं तिसरीतलं मूल.

दिरांशी बैठकीत वाद घालू नका, आधी घरात बोला. ‘भावजी, तुम्ही आणलेल्या टॅबवर तो दहापैकी दहा आणतो, आता त्याचं पुस्तक ऐका’ म्हणा आणि ऐकू द्या. ते मुंबईहून पैसे गोळा करतायत ते पोरांच्या भल्यासाठीच. मंडळाला कशावर तरी नाव घालायचं असतं, यात वाईट काही नाही. पुस्तकांच्या कपाटावर घाला, मानधनाच्या निधीला मंडळाचं नाव द्या, पुढच्या यात्रेत व्यासपीठावरून चौथीच्या मुलांना न पाहिलेला उतारा वाचायला लावा. पटाचंही तेच. इंग्रजी शाळेच्या गाडीत मुलं बसतात ती मुख्यतः इंग्रजी, गणवेश आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सांभाळायची सोय यासाठी. 26 टॅबांनी ती गाडी रिकामी येईल असं मला वाटत नाही. आपलं मूल चौथीत मराठी घडाघड आणि इंग्रजी बऱ्यापैकी वाचतं, हे आई-बापांना डोळ्यांनी दिसलं तर काही जण थांबतील.

शहरातल्या पालकांनो, तुमची पत्रंही याच वळणाची असतात, फक्त तिथे ‘स्मार्ट क्लास’ची फी भरून झालेली असते. शाळेला एवढंच विचारा की पहिली ते चौथीत पडदा दिवसातून किती वेळ चालू असतो, त्या वेळात मूल हाताने काय करतं, आणि या महिन्यात माझ्या मुलाचं मोठ्याने वाचन कुणी ऐकलं. तिसऱ्या प्रश्नाला सहसा शांतता पसरते.

राहिला घरातला टॅब. काढून घेऊ नका. दिरांचं मन दुखेल आणि मुलाला ती शिक्षा वाटेल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव गावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवतात. गावाने मिळून केलं म्हणून एकट्या आईवर भांडणं आली नाहीत. तुमच्या वाडीत चार घरं जरी तयार झाली तरी करून बघा. तोवर ॲप दुपारी अर्धा तास, गणितापुरतं. आणि रात्री जेवणानंतर त्याच टॅबवरून वडिलांना व्हिडिओ कॉल लावा, मुलाने त्यांना रोज एक पान वाचून दाखवायचं. आधी सोपं पान, दुसरीच्या पुस्तकातलं चालेल. वडिलांना दोन गोष्टी सांगून ठेवा. तो अडला की लगेच शब्द सांगायचा नाही, मनात पाचपर्यंत मोजायचं, तरी नाही आला तर शब्द सांगून पुढे जाऊ द्यायचं. आणि पान संपल्यावर ‘आता पाढे म्हण’ म्हणायचं नाही, त्या गोष्टीबद्दल काहीतरी विचारायचं.